थंडीत नदीकाठी बघायला सुरुवात कशी करावी

कोजागिरी उलटली की देशावरच्या नद्यांचा रंग बदलायला लागतो. पावसाळाभर चहासारखं वाहणारं पाणी निवळतं, पात्र आकसतं आणि चार महिने पाण्याखाली असलेला गाळ, गोटे, खडकांच्या पाठी एकेक करून उघड्या पडतात. नेमक्या याच दिवसांत हिमालयापलीकडून निघालेले पक्षी इथे पोचलेले असतात. भीमा, गोदावरी, कृष्णा किंवा त्यांना मिळणारी कुठलीही लहानशी नदी घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत तिच्या काठावर जेवढं बघायला मिळतं तेवढं वर्षात एरवी मिळत नाही. ज्यांनी आपली नदी आजवर फक्त पुलावरून जाता जाता पाहिली आहे, त्यांनी या थंडीत खाली उतरावं म्हणून हे लिहितो आहे.

आधी एक टप्पा धरा

पहिलं काम दुर्बीण घेण्याचं नाही, जागा ठरवण्याचं आहे. घरापासून सहज जाता येईल असा नदीचा अर्ध्या किलोमीटरचा तुकडा निवडा आणि पूर्ण हिवाळा तोच धरून बसा. त्यात चार गोष्टी असाव्यात: थोडी उथळ वाहती धार, थोडं साचलेलं पाणी किंवा डोह, ओल्या गाळाचा एखादा पट्टा आणि लव्हाळी, पाणकणीस किंवा काठावरची जुनी झाडं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या खालची बाजू बहुतेक वेळा चांगली असते. फळ्यांमधून झिरपणाऱ्या पाण्यात लहान मासे अडकतात आणि त्यांच्यासाठी बगळे, खंड्या, धोबी पक्षी सगळे तिथे येतात.

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर जावं, नांदूर मध्यमेश्वरला जावं, जरूर जावं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचं नांदूर मध्यमेश्वर जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, ते उगाच नाही. पण नवख्या माणसाला तिथे एकदम हजारो पक्षी दिसतात आणि घरी आल्यावर त्यातले पाचही धड आठवत नाहीत. उलट आपल्या रोजच्या काठावर तीन प्रकारचे धोबी वेगळे ओळखायला शिकलात तर नजर कायमची तयार होते. दहा ठिकाणी एकेकदा गेल्यानं जे कळत नाही ते एका ठिकाणी दहादा गेल्यानं कळतं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. कालचं माहीत असेल तरच आज काय वेगळं आहे ते लक्षात येतं.

काठ निवडतानाची एक युक्ती मला फार उशिरा कळली. देशावरच्या नद्या बहुतांशी पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे वाहतात आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणजे वाहत्या पाण्याच्या दिशेला तोंड केलं असता जो काठ उजव्या हाताला येतो, त्या काठावर बसलात तर दिवसाचा बहुतेक वेळ ऊन पाठीशी राहतं. पलीकडच्या काठावरून हेच पक्षी नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. तुमच्या टप्प्यावर नदी वळण घेत असेल तर हिशोब बदलेल, पण सकाळी पूर्वेच्या आणि दुपारनंतर पश्चिमेच्या बाजूला उभं राहायचं, एवढं धरून चाला.

काठाला लागून कुणाचं शेत असेल तर त्यांना आधी भेटा आणि विचारा. परवानगी मिळतेच, शिवाय माहितीही मिळते. मोटार चालू करायला पहाटे उतरणारे शेतकरी, जाळी टाकणारे मासेमार, मेंढरं पाजायला आणणारे धनगर यांना नदीवर कोण येतं-जातं ते पुस्तकांपेक्षा नीट ठाऊक असतं. पाणमांजर दिसतं का, मगर आहे का, गेल्या आठवड्यात पाणी किती वाढलं होतं, हे त्यांनाच विचारायचं.

उतरण्याआधी धोका समजून घ्या

इथे घाई करू नका. नदी उन्हाळ्या-हिवाळ्यात शांत दिसते म्हणून ती निर्धास्त असते असं नाही.

वरच्या अंगाला धरण असेल तर शेतीच्या आवर्तनासाठी हिवाळ्यातही पाणी सोडलं जातं. पाऊस नसताना, आभाळ निरभ्र असताना पाणी चढतं. पात्राच्या मधल्या खडकावर किंवा बेटावर जाऊन बसू नका. गेलातच तर काठाशी एक दगड खुणेला ठेवा, तो भिजायला लागला की लगेच परत फिरा. सांगलीच्या भागात कृष्णा आणि वारणेत मगरी आहेत. थंडीत पाणी गार असल्यामुळे त्या ऊन खायला दिवसा काठावर येऊन पडतात, म्हणून दिसण्याची शक्यता याच दिवसांत सर्वांत जास्त. उंच दरडीवरून किंवा पुलावरून त्या मनसोक्त बघा, पण त्या भागात पाण्याच्या कडेला उकिडवं बसून काही शोधत राहणं टाळा.

दुसरी काळजी घोणशीची. बाकीचे साप थंडीत मंदावतात, पण घोणशीचा मिलनाचा काळ हिवाळ्यात येतो आणि ती सकाळच्या उन्हात पायवाटेवर, वाळक्या गवतात पडून राहते. घोट्याच्या वर येणारे बूट घाला, गवतात पाऊल टाकण्याआधी काठी आपटा, दगडाच्या फटीत हात घालू नका. पहिले काही दिवस एकट्यानं जाऊ नका, आणि घरी कुठे चाललो ते सांगून निघा.

सोबत काय हवं

दुर्बीण घ्यायची तर ८×४० किंवा ८×४२ घ्या. यातला ८ म्हणजे आठपट जवळ आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. बारा-सोळापट जवळ दाखवणाऱ्या दुर्बिणीचा मोह होतो, पण ती हातात थरथरते आणि नवख्याला पक्षीच सापडत नाही. वापरायची पद्धत अशी: नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणायची. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधायला गेलात तर तो मिळत नाही. दुर्बीण नसली तरी अडत नाही, पहिला महिना गाळ आणि दगड बघण्यातच जाईल. वही, पेन्सिल, मातकट रंगाचे कपडे, पाणी आणि मोजायला एक लहान पट्टी एवढं पुरे.

पहिली फेरी: मान खाली

नवखा माणूस काठावर आला की आभाळाकडे बघतो. मी सांगेन, पहिल्या दोन-तीन फेऱ्या गाळाकडे बघा. रात्रभर इथे कोण येऊन गेलं ते गाळावर लिहिलेलं असतं. सूर्य उगवल्यानंतरच्या तासाभरात तिरप्या उन्हात प्रत्येक ठशाच्या कडेला सावली पडते आणि तो उठून दिसतो. डोक्यावर ऊन आलं की तोच गाळ सपाट वाटायला लागतो.

सर्वांत आधी कुत्र्याचे ठसे ओळखायला शिका, कारण ते सगळीकडे असतात. चार बोटं आणि पुढे नखांच्या खुणा. मांजराच्या जातीचा प्राणी चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून ठसा गोलसर असेल आणि नखं उमटलेली नसतील तर ते मांजर किंवा रानमांजर. मुंगसाला पाच बोटं आणि नखं स्पष्ट. मधोमध शेपटीची नागमोडी ओळ आणि दोन्ही बाजूंना पसरट पंजे दिसले तर घोरपड गेली आहे. पाच बोटांचा पसरट ठसा, बोटांमध्ये पडद्याची पुसट खूण आणि जवळच एखाद्या उंच खडकावर माशांच्या खवल्यांनी भरलेली, उग्र वासाची विष्ठा असं सगळं एकत्र मिळालं तर तो दिवस वहीत ठळक लिहा. तो पाणमांजराचा ठावठिकाणा. पाणमांजरं विष्ठेसाठी ठरावीक जागा पुन्हा पुन्हा वापरतात, त्यामुळे ती जागा दुरूनच बघत राहिलात तर कधीतरी पहाटे अख्खं कुटुंब दिसू शकतं. तो पत्ता मात्र मनातच ठेवा.

पक्ष्यांचे ठसेही वेगळे असतात. बगळ्याची तीन लांब बोटं पुढे आणि एक तितकंच लांब मागे, पावलं जवळपास एका रेषेत. चिखल्या, तुतारी या चिखलात चरणाऱ्या लहान पक्ष्यांची तीनच बारीक बोटं उमटतात, आणि तुतारी असेल तर आजूबाजूला गाळात सुई टोचल्यासारखी भोकं. ती भोकं तिच्या चोचीची, गाळातल्या अळ्या शोधताना पडलेली. काठालगत मातीच्या गोळ्यांचा ढीग आणि शेजारी बीळ दिसलं तर ते खेकड्याचं.

ठशाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. पट्टीशिवायचा फोटो घरी आल्यावर काहीच सांगत नाही.

गाळावरच शिंपले मिळतील. गोड्या पाण्यातल्या या शिंपल्यांची लहानपणीची गोष्ट मला फार आवडते. त्यांची पिल्लं सुरुवातीचे दिवस माशांच्या कल्ल्यांना चिकटून काढतात आणि मग गळून तळाशी रुजतात. म्हणजे काठावर वेगवेगळ्या आकारांचे ताजे शिंपले दिसत असतील तर पाण्यात त्यांना वाहून नेणारे मासेही आहेत. फक्त जुने, पांढरे पडलेले मोठे शिंपलेच असतील तर नव्यांची भर पडणं थांबलं आहे का, असा प्रश्न मनात यायला हवा. कुठे गोगलगायींचे रिकामे शंख ढिगानं पडलेले सापडले तर आसपास उघड्या चोचीचा करकोचा शोधा. त्याच्या चोचीतली फट शंखांशी झटण्यासाठीच आहे.

मग पक्षी, पण थोडेच

एका सकाळी जास्तीत जास्त दोन नवे पक्षी शिकायचे, असा नियम करा. सुरुवात धोब्यांपासून.

शेपूट सतत वरखाली हलवत काठावर धावणारा सडपातळ पक्षी म्हणजे धोबी, काही भागांत परीट. त्यातला मोठा, काळाभोर, ठसठशीत पांढऱ्या भुवईचा धोबी बारा महिने इथेच राहतो. हिवाळ्यात त्याच्या शेजारी पाहुणे येतात. पांढरा धोबी राखाडी पाठीचा, चेहरा पांढरा आणि छातीवर काळी चंद्रकोर. करड्या धोब्याची पाठ राखाडी, पोट आणि शेपटीखालचा भाग पिवळा, शेपूट सर्वांत लांब, आणि त्याला वाहत्या धारेजवळचे दगड आवडतात. पिवळ्या धोब्याची पाठ हिरवट, आणि तो ओल्या गवतात गुरांच्या पायांशी जास्त रमतो. हे चार नीट वेगळे करता आले की पुढचं सगळं सोपं जातं.

नंतर पाण्याच्या कडेला मागचा भाग खालीवर नाचवत एकटाच फिरणारा तपकिरी पक्षी बघा. तो तुतवार. त्याच्या खांद्यापुढे छातीच्या पांढऱ्या रंगाची एक पाचर वर घुसलेली असते, ती खूण चुकत नाही. उडताना पंख ताठ ठेवून पाण्यालगत जातो. त्याच्याहून गडद पाठीची, उडताच कमरेवर लख्ख पांढरं दिसणारी हिरवी तुतारी. पाठीवर ठिपके शिंपडल्यासारखी दिसते ती ठिपकेवाली तुतारी. आणि थोडं धावून एकदम थांबणारा, डोळ्याभोवती पिवळं कडं असलेला इवलासा पक्षी म्हणजे छोटा चिखल्या. उभा राहिला की तो गोट्यांमध्ये असा विरघळतो की दिसेनासा होतो.

लांब गुलाबी-लाल पायांचा काळा-पांढरा शेकाट्या कुणालाही ओळखता येतो. बदकांत सुरुवातीला दोनच घ्या. थापट्याची चोच टोकाला फावड्यासारखी रुंद असते. चार-सहा थापटे एकामागे एक गोल फिरत, चोच पाण्यात बुडवून जणू रवी घुसळत असतात. त्यांच्या फिरण्यानं तळातलं खाणं वर येतं आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांतून ते गाळून घेतात. दुसरा चक्रवाक, नारिंगी रंगाचा, बहुधा जोडीनं. रात्री नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना साद घालणारी जोडी म्हणून संस्कृत काव्यात हजारदा आलेला हा पक्षी आजही रात्री आवाज देतो. काठावर वस्ती असेल तर घरातूनही ऐकू येतो.

तुमचा टप्पा मोठ्या धरणाच्या फुगवट्याजवळ असेल तर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस दिसू शकतात. मंगोलिया, तिबेटकडून ते हिमालय ओलांडून येतात. उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवून केलेल्या अभ्यासात एका हंसाची उंची ७,२९० मीटर नोंदली गेली. हा आकडा डोक्यात ठेवून हरभऱ्याच्या रानाकडेला निवांत चरणाऱ्या थव्याकडे बघितलं की माझ्या अंगावर आजही काटा येतो.

आणखी एक सवय लावून घ्या. पाण्यावरचा सगळा थवा एकदम उठला की थव्याकडे बघायचं नाही, त्याच्या वर बघायचं. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून लव्हाळ्यावरून तरंगत येणारा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी, मासे पकडायला आलेला कैकर किंवा कधी बहिरी ससाणा तिथे असतो. काठावरच्या पाणकणसात निळ्या गळ्याचा शंकर हा लहान पक्षी लपलेला असतो. तो दिसायला वीस मिनिटं हालचाल न करता बसावं लागतं. ते करा.

शहराच्या खालच्या बाजूला नदीत सांडपाणी मिसळतं, तिथे थापटे, शेकाटे, तुतारी प्रचंड संख्येनं दिसतात. हे बघून नदी सुदृढ आहे असं समजू नका. सांडपाण्याच्या गाळात काही मोजक्या जातींच्या अळ्या बेसुमार वाढतात आणि त्यांच्यावर जगणारे पक्षी तिथे गर्दी करतात. किती पक्षी आहेत यापेक्षा किती प्रकारचे आहेत आणि कोण नाही, ते बघा. स्वच्छ पाण्यावर सूर मारणारा नदी सुरय, कवड्या खंड्या, गोट्यांमधली नदी टिटवी हे तुमच्या टप्प्यावर असतील तर नदीत अजून बराच जीव आहे.

ऊन चढल्यावर

दहानंतर पक्षी सुस्तावतात आणि बाकीचे जागे होतात. खडकांवर कासवं येऊन मान ताणून ऊन खातात. त्यांना जमिनीवरच्या पावलांचा हादरा लगेच कळतो, म्हणून तीस-चाळीस पावलं लांब बसूनच बघावं. दिवड पाण्याच्या कडेला वेटोळं करून पडलेला असतो. तो बिनविषारी आहे, पण डिवचला तर कडकडून चावतो.

उथळ धारेतला तळहाताएवढा एक दगड अलगद उलटा करा. खालच्या बाजूला वाळूचे कण चिकटवून केलेली बोटाच्या पेराहून लहान नळी दिसली तर आत कॅडिसमाशीची अळी आहे. शेपटीला बारीक धागे असलेले चपटे किडे सरसरत पळाले तर ती मेफ्लायची पिल्लं. दोघांनाही भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं, त्यामुळे ही तुमच्या नदीची साधी, फुकट तपासणी झाली. एकही न मिळता फक्त लाल धाग्यासारख्या अळ्या वळवळताना दिसल्या तर त्याचा अर्थही वहीत लिहून ठेवा. आणि दगड होता तसाच, होता त्याच जागी परत ठेवा. त्याच्याखाली घरं आहेत.

लव्हाळ्याच्या काड्यांवर चतुरांच्या रिकाम्या काती चिकटलेल्या असतात, पाठीवर चीर गेलेल्या. पावसाळ्यात थव्यानं उडणारे पिवळसर चतुर ऑक्टोबरनंतर दिसेनासे होतात, ते कुठे जातात हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतच नाही. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं २००९ मध्ये मांडलं की ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये मालदीववरून जाणारे लाखो चतुर भारतातून निघालेले असतात आणि वाऱ्याच्या साथीनं हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जातात.

काठावरच्या बाभळीला लटकलेली सुगरणीची जुनी घरटी रिकामी समजू नका. पांढऱ्या कंठाची मुनिया त्यांत शिरून आपला संसार थाटते. खाली दहा मिनिटं थांबलात तर आत-बाहेर करताना दिसेल.

दगड, आणि दरडीतलं जुनं काही

उघड्या पडलेल्या गोट्यांमध्ये फिरताना वेळेचं भान जातं, माझं तर नेहमीच. आपल्या पायाखालचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या लाव्ह्यात अडकलेल्या वाफांच्या पोकळ्यांत पुढे खनिजं साचली, आणि कातळ झिजल्यावर तीच गारगोट्या, अगेट, पांढरे-गुलाबी झिओलाइट बनून नदीत आली. गोटा ओला करून उन्हात धरला की आतले पट्टे दिसतात. खडकात गोल खळगे दिसले तर तळाशी बघा, ज्या गोट्यांनी भोवऱ्यात फिरून खळगा कोरला ते कधीकधी अजून आतच असतात. याचं सर्वांत भव्य रूप कुकडी नदीत निघोजला आहे. तिथले रांजणखळगे बघायला पाणी ओसरल्यानंतरचा काळच योग्य.

पुरानं कापलेल्या उभ्या दरडीही न्याहाळा. त्यांत गाळाचे, वाळूचे, गोट्यांचे थर स्पष्ट दिसतात. कुकडीकाठच्याच बोरी गावाजवळ अशा थरात ज्वालामुखीची राख सापडली. ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते, आणि कुठल्या उद्रेकाची यावर अभ्यासक अजून वाद घालतात. प्रवरेच्या काठी नेवाशाला ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९५४ ते ५६ मध्ये उत्खनन केलं, तेव्हा नदीच्या गोट्यांच्या थरांतून अश्मयुगातली हत्यारं मिळाली. प्रवरेवरच्याच दायमाबादला १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला मुळं खणताना तांब्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. हे मोठं सांगतो आहे ते अशासाठी की यातल्या कितीतरी गोष्टी आधी तुमच्या-माझ्यासारख्या, काठावर वावरणाऱ्या माणसाच्या नजरेला पडल्या.

म्हणून एखाद्या दगडाच्या कडेचे कपचे ओळीनं, दोन्ही बाजूंनी उडालेले दिसले, किंवा दरडीतून खापरं, हाडं डोकावत असली, तर उपटून काढू नका. वस्तू कुठल्या थरात होती यावरच तिचं वय ठरतं, एकदा हातात आली की तो पुरावा गेला. पट्टी ठेवून जवळून एक आणि आजूबाजूचा परिसर दिसेल असा लांबून एक फोटो काढा, फोनमधून जागेची नोंद घ्या आणि पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्वाच्या प्राध्यापकांना कळवा. नाणी, मूर्ती, दागिने असं काही जमिनीत सापडलं तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. पिसं, अंडी, घरटी, कासवाची कवचं यांनाही तोच नियम लावा: बघा, मोजा, फोटो काढा, तिथेच राहू द्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे यातल्या बहुतेक गोष्टी घरी ठेवणं गुन्हा ठरतो.

एक संध्याकाळ राखून ठेवा

सूर्य मावळण्याआधी तासभर काठावरच्या बाभळींसमोर जाऊन बसा. पळसमैना, म्हणजे आपल्या भोरड्या, शेतांवरून परतायला लागतात. आधी वीस-पंचवीस, मग शेकडा, मग मोजणं सोडून द्यावं लागतं. थवा आभाळात वळतो, आवळतो, पसरतो आणि अचानक पाऊस कोसळावा तसा झाडांत उतरतो. नंतरचा कलकलाट पाच मिनिटांत विझतो. त्याच वेळी पाण्यालगत पाकोळ्या शेवटचा फेरा मारतात आणि उसातून कोल्हा ओरडतो. परतताना टॉर्च पायाशी ठेवा, झाडांवर मारू नका.

नोंद

प्रत्येक फेरीनंतर तारीख, वेळ, पाण्याची पातळी, ढग-वारा आणि काय दिसलं ते त्याच दिवशी लिहा. ओळख पटली नाही तर वर्णन लिहा आणि वेडंवाकडं चित्र काढा, चालतं. ‘काही दिसलं नाही’ हीसुद्धा नोंद आहे. महिनाभरानं ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरायला लागा. किडे, शिंपले, ठसे यांचे फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्ग-नोंदींच्या संकेतस्थळावर टाकले तर जाणकार ओळख पटवायला मदत करतात. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, आपल्या उपखंडात ती १९८७ पासून चालू आहे. तिच्यात सामील व्हा, एका दिवसात खूप शिकाल. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, त्यात होणाऱ्या भटकंत्या नवख्यांसाठी चांगल्या.

कधी एखाद्या पक्ष्याच्या पायात कडं किंवा मानेत रंगीत पट्टा दिसेल. तेव्हा घाबरून त्याला पकडायला जाऊ नका. कुठल्या पायात, सांध्याच्या वर की खाली, रंग कोणता, अक्षरं-आकडे कोणते हे लिहा, जमेल तसा फोटो काढा आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. त्या एका नोंदीवरून तो पक्षी कुठे आणि कधी कडं घालून सोडला होता ते समजू शकतं. कितीतरी पक्ष्यांचे मार्ग अशाच नोंदींमुळे कळले आहेत.

काठावर वागायचं कसं

फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायची असते, आपल्या फोटोसाठी त्याला दहादा उडवणं म्हणजे ती चरबी जाळणं. थवा माना वर करून सावध झाला की तुम्ही जास्त जवळ आला आहात, दोन पावलं मागे घ्या. ड्रोन उडवू नका. कुत्रा घरी ठेवा.

जानेवारीत काठावरच्या झाडांत पतंगाचा मांजा अडकलेला असतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो सापडतोच. फेरीला जाताना कात्री आणि पिशवी न्या, हाताला येईल तेवढा मांजा कापून गोळा करा. अडकलेला किंवा जखमी पक्षी-प्राणी दिसला, कुणी जाळं लावून पक्षी धरताना आढळलं, तर स्वतः भांडायला न जाता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

फेब्रुवारी संपत आला की वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळा आणि आता फक्त बदल बघा. बऱ्याच पांढऱ्या धोब्यांच्या गळ्यावर काळा रंग चढायला लागलेला असतो, तो त्यांचा परतीचा पोशाख. थापट्यांची संख्या रोज कमी होते. प्रत्येक पाहुणा शेवटचा कोणत्या तारखेला दिसला ते लिहा, पहिल्या तारखेपेक्षा ही नोंद मिळवणं अवघड असतं, कारण शेवटचा दिवस शेवटचा होता हे नंतरच कळतं. त्याच आठवड्यांत पात्रातल्या उघड्या बेटांवर नदी सुरय आणि नदी टिटवी जागा शोधत फिरू लागतात. त्यांची अंडी थेट वाळूत, गोट्यांमध्ये असतात आणि पायाखाली आली तरी दिसत नाहीत. त्या दिवसापासून बेटांवर उतरणं बंद करा आणि दुर्बीण घेऊन काठावरच बसा.